सगळे काटे सहावर: टायगर मॉथच्या एका पॅनलचं प्रकरण

चोपडा तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेसाठी टायगर मॉथ विमानाच्या इन्स्ट्रुमेंट पॅनलची प्रतिकृती केली, त्याची ही हकिगत. काम तसं लहान. पाच तबकड्या, खाली एक होकायंत्र, मागे पत्रा, पुढे काचेची पेटी. २०१९ च्या जानेवारीत दिलं आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये परत एकदा दिलं. मधल्या सात महिन्यांत काय काय बिघडलं, त्यावरच इथे भर देतो.

मी आयटीआयमध्ये निदेशक होतो. निवृत्तीनंतर जळगावला एमआयडीसीलगत एक शेड भाड्याने घेतली आणि शाळांची मॉडेलं करू लागलो. पवनचक्की, ज्वालामुखी, हृदयाचे चार कप्पे, ठिबक सिंचन. विमानाचं काम त्याआधी कधी आलं नव्हतं.

काम कसं आलं

त्या गावात एक नाना आहेत. १९५१ साली हवाई दलात भरती झाले, इन्स्ट्रुमेंट फिटर म्हणून. २०१९ मध्ये त्यांचं वय ८६. संस्थेच्या अध्यक्षांना त्यांचा सत्कार करायचा होता, पण शाल-श्रीफळ देऊन नाही, काहीतरी 'कायमचं' करून. नानांचा एक जुना फोटो शाळेत होता: टायगर मॉथच्या पंखाला टेकून उभे, अंगात ढगळ ओव्हरऑल. त्या विमानाचं पॅनल करायचं, शाळेच्या हॉलमध्ये लावायचं आणि २६ जानेवारीला नानांच्याच हाताने पडदा सरकवायचा, असं ठरलं. अट एकच. नानांना आधी कळता कामा नये.

सगळी गडबड इथेच सुरू झाली. गावात ज्या एकाच माणसाला या कामातलं कळत होतं, त्यालाच आम्ही विचारलं नाही.

विमानाबद्दल थोडं सांगतो. डी हॅविलँड कंपनीचं हे दुपंखी शिकाऊ विमान पहिल्यांदा उडालं २६ ऑक्टोबर १९३१ ला. इंजिन जिप्सी मेजर, चार सिलिंडरचं, १३० अश्वशक्तीचं. दोन उघड्या बैठका, एकामागे एक. एकटा वैमानिक असला तर तो मागच्या बैठकीत बसतो. अशी ८,००० हून जास्त विमानं बनली आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश साम्राज्यातली वैमानिकांची एक आख्खी पिढी याच्यावर शिकली. आपल्या हवाई दलातही ते होतं. पुढे त्याची जागा बंगळुरूला बनलेल्या एचटी-२ या शिकाऊ विमानाने घेतली. ते विमान डॉ. वि. मा. घाटगे यांनी घडवलं. मराठी माणूस, जर्मनीत प्रांटल या नावाजलेल्या वायुगतिशास्त्रज्ञाच्या हाताखाली शिकलेला. शाळेच्या भिंतीवर त्यांचंही चित्र असायला हरकत नाही, असं मी अध्यक्षांना म्हणालो होतो. ते राहिलं.

पहिला नमुना

इंटरनेटवरून फोटो काढले. विमानी उपकरणांची दोन मापं प्रचलित आहेत: मोठ्या तबकडीचं भोक तीन इंच एक सूत, म्हणजे ७९.४ मिलिमीटर, आणि लहानाचं सव्वादोन इंच. हे मला आधीच सापडलं, त्यामुळे भोकं तरी बरोबर पडली. बाकी सगळं नेहमीच्या सवयीने केलं. १२ मिमीचा एमडीएफ, काळा ऑइल पेंट. तबकड्या फ्लेक्सवाल्याकडून व्हिनाइलवर छापून घेतल्या. काटे अॅक्रिलिकचे, ग्लू गनने चिकटवले. अध्यक्षांचा आग्रह म्हणून तबकड्यांमागे निळ्या एलईडी. आणि काटे कुठे ठेवायचे? घड्याळाच्या जाहिरातीत दहा वाजून दहा मिनिटं असतात ना, तसे. डोळ्याला बरे दिसतील तिथे.

२६ जानेवारीला झेंडावंदन झालं, लेझीम झालं, नानांनी पडदा सरकवला. टाळ्या वाजल्या. नाना जवळ गेले, चष्मा कपाळावर सरकवला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. अध्यक्षांना वाटलं, गहिवरून आलं. मग नाना माझ्याकडे वळले.

"पायलट कुठे आहे?"

"म्हणजे, नाना?"

"इंजिन हजारावर, तेलाचा दाब शून्य. वेग एकशेवीस. वळणाचा काटा डावीकडे पार टोकाला." एकेका तबकडीवर बोट टेकवत ते म्हणाले, "उंची तीनशे फूट. भो, हा माणूस गेला."

पोरं हसली. मी पण हसलो. पण घरी येईपर्यंत ते वाक्य डोक्यातून गेलं नाही. कारण ते खरं होतं. टायगर मॉथ सरळ उडताना जास्तीत जास्त ताशी १०९ मैलांपर्यंत जातं. १२० म्हणजे ते नाक खाली करून सुटलेलं आहे. इंजिन फिरतंय आणि तेलाला दाब नाही म्हणजे ते कुठल्याही क्षणी जाम होणार. आणि जमीन तीनशे फुटांवर. मी तबकड्या एकेक करून सजवल्या होत्या, आणि नानांनी पाचही एका नजरेत, एका विमानाच्या म्हणून वाचल्या.

कोणता क्षण

दुसऱ्या आठवड्यात एकटाच नानांकडे गेलो. ओसरीवर कळण्याची भाकरी, ठेचा आणि समोर त्यांची वही. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: तुला कोणता क्षण दाखवायचा आहे?

स्थिर पॅनल हे एका क्षणाचं असतं. विमान जमिनीवर उभं असेल तर वेग शून्य, आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) शून्य, तेलदाब शून्य, वळणाचा काटा मध्यावर, कारण त्याच्या आतला भोवरा फिरतच नाही. उंचीची तबकडी मात्र शून्य दाखवेलच असं नाही. तिच्यावर दाबाचा आकडा कोणता लावलाय त्यावर ते आहे. समुद्रसपाटीचा दाब लावला तर ती ठिकाणाची उंची दाखवते. जळगाव समुद्रसपाटीपासून साधारण २०० मीटरवर, म्हणजे तिथे काटा साडेसहाशे फुटांच्या आसपास. त्या त्या मैदानाचा दाब लावला तर शून्य. दाबात एका मिलिबारचा फरक पडला की उंचीत तीसेक फुटांचा फरक पडतो.

जमिनीवरचं पॅनल खरं असतं, पण पोरांना मेलेलं वाटतं. म्हणून नानांनी सरळ उड्डाण निवडलं आणि वहीत आकडे लिहून दिले. वेग ९० मैल, आरपीएम २०००, उंची २००० फूट, तेलदाब ४२ पौंड, वळणाच्या तबकडीतले दोन्ही काटे मध्यावर. खालचा काटा वळण सांगतो, वरचा घसरण, म्हणजे विमान बाजूला सरकतंय का ते. होकायंत्राबद्दल ते म्हणाले, "ते तू नको ठरवू. ते भिंत ठरवेल."

वेगाच्या तबकडीवर त्यांनी आणखी एक चूक काढली. मी ४०, ६०, ८०, १०० हे आकडे एकमेकांपासून सारख्या अंतरावर काढले होते, भिंतीवरच्या घड्याळासारखे. नानांनी गवंड्याची लेव्हलची पारदर्शक नळी मागवली, इंग्रजी यू सारखी वाकवली, त्यात पाणी भरलं आणि पेन्सिलीने खुणा केल्या. वेगाचं यंत्र मुळात वेग मोजतच नाही, ते समोरून आदळणाऱ्या हवेचा दाब मोजतं, आणि तो वेगाच्या वर्गाने वाढतो. ४० मैलांना तो दाब सुमारे २० मिलिमीटर पाण्याइतका. ८० मैलांना दुप्पट नाही, चौपट: ८०. आणि १२० ला १८०. म्हणून तबकडीवर खालच्या टोकाला आकड्यांची दाटी असते आणि पुढे ते सुटे होत जातात. आतली यंत्रणा हा फरक बराच सावरून घेते, पण पूर्ण पुसत नाही.

मी नळीत जरा फुंकून बघितलं तर पाणी उडून वहीवर. नाना खेकसले, "खऱ्या नळीत असं फुंकशील तर आतली डबी फाटेल. आमच्या वेळी यासाठी शिक्षा व्हायची." विमानात ही नळी पंखांमधल्या खांबावर, समोर तोंड करून बसवलेली असते. तिच्या जोडीला स्थिर हवेची दुसरी नळी. वेगाच्या यंत्राला दोन्ही लागतात, उंचीच्या यंत्राला फक्त दुसरी.

एलईडी त्यांनी एका वाक्यात उडवल्या. "त्या विमानात बॅटरीच नव्हती." खरंच आहे. टायगर मॉथचं इंजिन पंखा हाताने फिरवून सुरू करायचे. दिवे कुठून येणार?

एवढं सगळं ऐकून मी केलं काय? सोपं ते केलं. नवीन तबकड्या त्याच फ्लेक्सवाल्याकडून छापल्या, एलईडी काढल्या, काटे नवीन जागी नेले आणि पुन्हा ग्लू गन. फेब्रुवारीत काम संपलं असं समजून बिल पाठवलं.

मे महिना

मेच्या दुसऱ्या आठवड्यात मुख्याध्यापकांचा व्हॉट्सअॅपवर फोटो आला. खाली एकच ओळ: "सर, विमान उतरलं का?"

पाचही तबकड्यांचे काटे सहा वाजल्यासारखे सरळ खाली लोंबत होते.

जळगाव जिल्ह्यात मेमध्ये सावलीतला पारा ४४-४५ ला जातो. शाळेचा हॉल पत्र्याचा, पेटी पश्चिमेच्या खिडकीसमोर, काच बंद. आत किती झालं असेल ते मोजलं नाही, पण हात लावून बघितला तर टिकवत नव्हता. ग्लू गनचा गोंद मऊ पडला आणि प्रत्येक काटा आपल्या जड टोकाने खाली आला. व्हिनाइलच्या कडाही उचलल्या होत्या.

नानांना फोटो दाखवला. या वेळी ते हसले नाहीत, त्यांना त्यात रस वाटला. म्हणाले, "शेपूट कुठे आहे?" खऱ्या काट्याला मध्याच्या पलीकडे एक आखूड, रुंद शेपूट असते. मी ती शोभेची समजून पहिल्या नमुन्यातच कापून टाकली होती. ती वजनाला असते. विमान उलटंसुलटं झालं तरी काटा स्वतःच्या भाराने हलू नये म्हणून दोन्ही बाजू तोलून धरलेल्या असतात. शेपूट असती तर गोंद पातळ झाला असता तरी काटे जागचे हलले नसते.

मग मात्र सगळं मुळापासून करायला घेतलं.

दुसऱ्यांदा

पॅनलसाठी ३ मिमीचा अॅल्युमिनियम पत्रा, फायबर लेझरवर कापलेला. त्यावर काळं टेक्श्चर पावडर कोटिंग, जुन्या ब्रिटिश उपकरणांच्या सुरकुतलेल्या काळ्या रंगाच्या बरंच जवळ जाणारं.

तबकड्यांभोवतीच्या कड्यांनी चार दिवस खाल्ले. सव्वातीन इंच व्यासाची, म्हणजे ८३ मिमीच्या आसपासची कडी हवी होती आणि लेथवर पाच नग अॅल्युमिनियमचे करून घेणं परवडत नव्हतं. जळगावात पीव्हीसी पाईपला तोटा नाही, पण मापं ठरलेली: ७५, ९०, ११०. आमच्या शेडमधल्या मिस्तरीने तोड काढली. ९० चा पाईप घ्यायचा, दोन बोटं रुंद चकत्या पाडायच्या आणि प्रत्येकीतून २२ मिलिमीटरचा तुकडा काढून टाकायचा. व्यास ७ ने कमी करायचा तर परिघ २२ ने कमी होतो. सातवीतलं २२/७. उरलेली चकती उकळत्या पाण्यात मऊ करून लाकडी साच्यावर बसवायची आणि सांधा सॉल्व्हेंट सिमेंटने जोडायचा. घासून, प्रायमर मारून मॅट काळा स्प्रे दिला तर सांधा सापडत नाही. फक्त एकदा हीच कडी पावडर कोटिंगवाल्याकडे पत्र्याबरोबर गेली. त्याच्या भट्टीत १८० अंशांच्या पुढे तापमान असतं. पोराने भट्टीचं दार लावायच्या आधी फोन केला म्हणून वाचली.

आकड्यांसाठी आधी हायवेवरच्या रेडियमवाल्याकडे गेलो. गाडीच्या नंबर प्लेटचं रेडियम कापतो तसे बारीक क्रीम रंगाचे आकडे कापून देईल, असा विचार. पण तीन मिलिमीटर उंचीचा '8' प्लॉटरवर कापला की मधली दोन भोकं गळून पडतात. शेवटी लग्नपत्रिका छापणारा स्क्रीन प्रिंटिंगवाला कामी आला. मॅट काळ्या पत्र्यावर पांढरी शाई, एका दमात पाचही तबकड्या. व्हिनाइलसारखी चकाकी नाही, काचेतून आकडे स्वच्छ वाचता येतात. लग्नसराई संपलेली होती म्हणून त्याने मनापासून केलं.

काटे सराफ बाजारातल्या एका कारागिराने अर्ध्या मिलिमीटरच्या पितळी पत्र्यातून कापून दिले, शेपटीसकट. प्रत्येक काटा सुईच्या टोकावर तोलून बघितला आणि शेपूट कानशीने घासत घासत बरोबर केली. मागे पितळी खिळा, घट्ट बसवलेला. गोंदाचा थेंब नाही.

रेडियमवरून एक गोष्ट आठवली, ती सांगायलाच हवी. जूनमध्ये अध्यक्ष मुंबईहून एक खरी जुनी उंचीची तबकडी घेऊन आले. भंगारातून मिळालेली, कुठल्या विमानाची ते माहीत नाही. आकड्यांवर पिवळट, भुसभुशीत थर. अध्यक्षांचं म्हणणं, उघडून स्वच्छ करू आणि तो थर खरवडून नवा रंग देऊ. नानांनी ती हातात घेतली नाही. "टेबलावर ठेव, उघडू नको, हात धू."

त्या काळात अंधारात वाचता यावं म्हणून आकड्यांना रेडियमयुक्त रंग देत. हे खरं रेडियम, गाडीच्या स्टिकरचं नव्हे. रेडियम-२२६ निम्मं व्हायला सुमारे १,६०० वर्षं लागतात. त्याच्याबरोबर मिसळलेला झिंक सल्फाइड मात्र काही वर्षांत थकतो आणि चमकणं थांबतं. म्हणून तबकडी अंधारात काळी दिसते आणि माणसाला वाटतं, आता यात काही राहिलं नाही. काच बंद असताना धोका कमी असतो. खरवडली तर ती भुकटी श्वासातून आत जाते, आणि तिथून पुढे ती काढता येत नाही. तबकडी प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत, मग डब्यात, आणि डबा महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र विभागात. तिथल्या गायगर काउंटरजवळ डबा नेताच तो कडकड वाजायला लागला. प्राध्यापकांनी डबा ठेवून घेतला आणि पुढचा पत्रव्यवहार अणुऊर्जा नियामक मंडळाशी त्यांनीच केला. अध्यक्ष थोडे खट्टू झाले. मला विचाराल तर संपूर्ण कामात सगळ्यात मोलाचं काय झालं असेल तर ती तबकडी शाळेत लागली नाही, हे.

स्क्रू आणि होकायंत्र

पॅनल परत लावायच्या दिवशी होकायंत्र बसवलं. हे मात्र मी खोटं केलं नव्हतं. शाळेच्या प्रयोगशाळेतल्या चुंबकसूचीभोवती पितळी वाटी आणि वर फिरणारी अंशांची कडी. पेटी पूर्वेच्या भिंतीवर, पश्चिमेच्या खिडकीसमोर. बघणारा पूर्वेकडे तोंड करून उभा राहतो, म्हणजे विमानही पूर्वेला चाललंय, म्हणजे वाचन ९० यायला हवं. आलं ६८.

मिस्तरी म्हणाला, सूचीच खराब. नानांनी वाटीजवळचा एक स्क्रू काढायला लावला. ७५. दुसरा काढला, आणखी सरकलं. मी सगळीकडे लोखंडी स्टार स्क्रू मारले होते, गोदरेजच्या कपाटाला मारतो तसे. विमानात होकायंत्राजवळ पितळी स्क्रू लावतात ते याचसाठी. शिवाय त्या काळातल्या ब्रिटिश विमानात स्टार स्क्रू दिसणारच नाही, डोक्यावर एकच सरळ खाच असलेले असायचे. दोन्ही कारणांनी सगळे बदलले. पेटीचा खालचा अँगलही अॅल्युमिनियमचा केला. त्यानंतर ८९. नाना म्हणाले, एका अंशासाठी भांडायचं नाही, खऱ्या विमानातही होकायंत्र किती चुकतं ते लिहिलेलं कार्ड लावलेलंच असतं.

उरलेल्या लेव्हलच्या नळीचं काय करायचं, हे त्यांनीच सुचवलं. टायगर मॉथमध्ये शिक्षक आणि विद्यार्थी पोकळ नळीतून बोलत. तिला गॉस्पोर्ट ट्यूब म्हणत. डॉक्टरच्या स्टेथोस्कोपसारखी, वीज वगैरे काही नाही. आम्ही पेटीच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत आठ मीटर नळी नेली आणि दोन्ही टोकांना चाडी, म्हणजे नरसाळी, बसवली. १५ ऑगस्टला पहिली चाडी नानांनी तोंडाला लावली. दुसऱ्या टोकाला पाचवीतली एक मुलगी.

"आवाज येस का?" नानांनी अहिराणीत विचारलं.

"येस, आबा!"

त्यानंतर नळीपुढे जी रांग लागली, ती पॅनलपुढे कधीच लागली नाही. याचं मला थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

पेटीच्या खाली एक कार्ड आहे, नानांच्या अक्षरावरून छापलेलं: वेग ९०, उंची २०००, इंजिन २०००, तेल ४२, दिशा पूर्व. पोरं आता तबकड्या आणि कार्ड ताडून बघतात. मला हे कळलं पुढच्या दिवाळीनंतर, जेव्हा मुख्याध्यापकांचा फोन आला. रंगकाम चालू होतं म्हणून पेटी उत्तरेच्या भिंतीवर हलवली होती आणि आठवीतल्या दोघांनी येऊन तक्रार केली होती की कार्ड पूर्व म्हणतंय आणि होकायंत्र ऐकत नाही.

"मग कार्ड बदलून उत्तर लिहू का?" त्यांनी विचारलं.

"होकायंत्र किती दाखवतंय?"

"तीनशे चाळीस."

"शेजारी काय आहे?"

"काही नाही. लायब्ररीचं कपाट आहे फक्त."

"लोखंडी?"

"हो. हातभर अंतरावर."

"सर, आधी कपाट हलवा. कार्ड नंतर."